चौथा सवाल

कपडे शिवून घ्यायचं मी सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तयार आणतो, ढगळ निघाले तर ढगळ घालतो. बायको म्हणते चिक्कूपणा. चिक्कूपणा नाही. शिंपी मागून कमरेला टेप घालतो आणि आकडा वाचायला क्षणभर थांबतो ना, तेवढ्या क्षणात मला मिरजगावचे तात्या शिंपी दिसतात आणि आकडा ऐकायचा मला धीर होत नाही.

त्यांचं नाव सोपान, पण सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. नगर-सोलापूर रस्त्यावर एस.टी. थांब्यासमोर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. एक मशीन, कापड बेतायचं एक फळकूट, खिळ्याला टांगलेल्या मापाच्या वह्या आणि दारातच एक अरुंद लाकडी स्टूल. एकाहत्तर साली मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा ते स्टूल कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. खानावळीची तिखटजाळ आमटी आणि दिवसभर खुर्ची, यानं व्हायचं ते झालं आणि चोविसाव्या वर्षीच मला मूळव्याधीनं गाठलं. सांगणार कुणाला? शाळेच्या शिपायानं माझी खुर्चीवरची चुळबुळ हेरली आणि कानाशी येऊन म्हणाला, "गुर्जी, तात्याकडं जाऊन पायजम्याचं माप दिऊन या."

"माझ्याकडे आहेत की पायजमे."

"आसूद्यात. माप दिऊन या."

पंचक्रोशीतली निम्मी मापं अशीच दिली जात होती. शिंप्याच्या दुकानात कुणीही, केव्हाही जावं. कोण कशाला गेला हे कोण विचारणार? तात्यांच्या वडलांनी ही युक्ती काढली होती आणि शिलाईबरोबर मूळव्याधीची औषधंही त्यांच्याकडूनच तात्यांकडे आली होती.

तात्या अंगानं काटकुळे. ओठांत टाचण्या धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं हसणं डोळ्यांतच राही. मूळव्याध हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'अडचण' म्हणत. मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, स्टुलाकडे बघितलं. मी एका अंगावर टेकलो. "हां," ते म्हणाले आणि मशीन थांबवली.

मग सवाल सुरू झाले. रक्त पडतं का, पडत असेल तर शेवटी टिपकं टिपकं लालभडक, की आत कालवल्यासारखं? आग होते की ठणका लागतो? अडचण किती दिवसांची? हे तीन झाले आणि त्यांनी गळ्यातला टेप काढून माझ्या कमरेला घातला. चौथा सवाल तो.

"नाडीची गाठ हाय तिथंच बसती का आत आलीया?"

"आहे तिथंच."

"मंग तुमी माजं गिऱ्हाईक. आत आली आसती तर तुमाला नगरची गाडी दावली आसती." टाचण्या तोंडातून काढून त्यांनी उशीत खोचल्या. "अडचनीनं मानूस हैरान हुतो, पन वाळत न्हाई. वाळला की समजायचं, आत दुसरंच कायतरी बसलंय. मंग आपन हात लावायचा न्हाई. माज्या बापानं औषदं चार दिसांत शिकिवली. ह्यो येक सवाल शिकवाया चार वर्सं घेतली."

ही भानगड होते तरी कशी, असं मी विचारलं. त्यांनी चिंध्यांतून एक नाडीची पिशवी काढली आणि तिचं तोंड आवळलं. "ह्या चुन्या बगा. सरळ हातानं वढली तर गप बसत्यात. रोज जोर लावून वढली की बाहीर फुगत्यात, मंग घासत्यात, मंग फाटत्यात. तिथल्या शिरांचं आसंच हाय. पोट साफ न्हाई म्हनून मानूस कुथत बसतो आन् शिरा फुगत्यात. कापडात खोट न्हाई, वढनाऱ्यात हाय."

दुपारी ओवा आणि सैंधव घातलेलं ताक. आठवड्यातून दोनदा चिंच घालून शिजवलेलं सुरण. झोपताना कोमट पाण्यातून हिरड्याची पूड. रक्त जाईल त्या दिवसांत नागकेशराची पूड लोण्यात कालवून सकाळी चाटायची. आणि ठणका लागला की घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. "आन् कुनी जाळतो, दोरा बांधतो म्हनला तर त्येच्या दारात बी उभं ऱ्हाऊ नगा." तीन आठवड्यांत मी वर्गात ताठ बसू लागलो. तेव्हापासून शनिवारी अर्धी शाळा सुटली की माझा मुक्काम तात्यांच्या दुकानात.

तिथंच भिकाजी भेटला. भिकाजी म्हणजे आमचा पोस्टमन आणि तात्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. सात गावांचं टपाल सायकलवरून वाटायचा. सायकलच्या सीटनं त्याला अडचण दिली होती ती दहा वर्षं पाठ सोडत नव्हती; उन्हाळ्यात वाढायची, पावसाळ्यात ताक-लोण्यानं निवायची. तात्यांनी त्याला कापूस भरलेली, मधोमध खळगा ठेवलेली गादी शिवून दिली होती. ती चोरीला जाईल म्हणून भिकाजी सायकल लावली की गादी काढून काखेत मारायचा आणि तसाच लोकांच्या दारात जायचा. एका हातात मनीऑर्डर, काखेत गादी. "टपालखात्यात बैठकीची सोय फकस्त मला हाय," म्हणायचा. तात्यांना सोपाना म्हणून हाक मारणारा गावात तो एकटाच होता. त्याचा खाकी पोशाख तात्याच शिवायचे. कंबर चौतीस, बारा वर्षांत दोऱ्याइतकासुद्धा फरक नाही.

मग बाहत्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. श्रावणातच विहिरींनी तळ दाखवला, जनावरं छावणीत गेली आणि माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. दिवसभर तापलेल्या दगडावर बसायचं आणि पोटात रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकरी. अडचणीवाल्या लोकांची रीघ लागली. तात्यांची औषधं मात्र एकेक करून संपत गेली. जनावरंच नाहीत तर ताक कुठलं आणि लोणी कुठलं. सुरण दिसेना. घमेल्यात पाणी घेऊन बस म्हणावं तर समोरचा त्यांच्या तोंडाकडे बघत राही. एकदा एक म्हातारा म्हणाला, "तात्या, पेयाला न्हाई, त्यात बसू व्हय?" त्यानंतर तात्यांनी घमेल्याचं नाव काढलं नाही. हिरडा, एरंडेल आणि "घोटघोट पानी पी, येकदम नगं," एवढ्यावर ते झुंजत होते.

आणि चौथ्या सवालाला येईल तो हो म्हणू लागला. नाडीची गाठ आत आली का? आलीया. वहीत बघावं तर खरंच दोन इंच, तीन इंच कमी. बापाचा नियम पाळून तात्यांनी पहिल्या आठवड्यात आठ जणांना नगरला जा म्हणून सांगितलं. गेले दोघंच. कामावर खाडा पडला आणि तिथले डॉक्टर म्हणाले, खायला मिळत नाही म्हणून वाळलेत, दुसरं काही नाही. ते दोघं परत येऊन दुकानासमोर नको नको ते बोलले.

तो शनिवार होता. मी होतो तिथं. शाळेत गणित शिकवत होतो आणि आपल्याला जगाची बरीच उत्तरं येतात अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "तात्या, सगळ्या गावाचीच कंबर उतरलीय. ज्या प्रश्नाला सगळेच एक उत्तर देतात तो विचारून कळणार काय? यंदा सोडून द्या तो प्रश्न."

तात्यांनी दातांत धरलेला दोरा तोडला. "बाप म्हनायचा..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. नंतर जो माणूस स्टुलावर टेकला त्याला त्यांनी तीनच सवाल विचारले. मला त्या वेळी, खरं सांगतो, बरं वाटलं. आपलं कुणीतरी ऐकलं म्हणून.

दसऱ्याला भिकाजीनं खाकी पँट आणून फळकुटावर टाकली. "सोपाना, आत घे जरा. सायकलवर सुटाया लागलीया." तात्यांनी दोन इंच आत घेतली. भिकाजीला सरकारी पगार होता, उपाशी राहायची पाळी नव्हती. पण त्याची बहीण पाच माणसांचं बिऱ्हाड घेऊन त्याच्याकडे आली होती आणि आपल्या ताटातलं तो भाचरांना वाढायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. संक्रांतीला पँट पुन्हा आली, दीड इंच. शिमग्याला पुन्हा, अडीच इंच. त्या खेपेला भिकाजी म्हणाला, "आता नाडीच घाल रं हिला. रोज उठून कुठं टाकं घालतूस." दोघंही हसले. मीही हसलो. अडचणीचं विचारलं तर म्हणाला, रक्त हाय, पन ते तर उन्हाळ्यात असतंच. तात्यांनी हिरड्याची पुडी दिली.

चैत्रात तो गावच्या वेशीजवळ सायकलवरून पडला आणि त्याला उठता येईना. तात्या आणि मी त्याला एस.टी.नं नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. आत तपासून बाहेर आला, हात धुतले आणि म्हणाला, "मूळव्याध आहेच जुनी. पण वर बोटाला गाठ लागते. ती वेगळी, आणि पुढे गेलीय. वजन कधीपासून उतरतंय?"

तात्या म्हणाले, "दसऱ्याला दोन इंच, संक्रांतीला दीड, शिमग्याला अडीच."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला. "इतकं नेमकं तुम्हाला कसं माहीत?"

"मीच शिवलं."

डॉक्टर म्हणाला, दसऱ्याला आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मृग लागायच्या आधी भिकाजी गेला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. त्यानं तो पाहिला नाही.

तेराव्यानंतर भिकाजीची बायको दुकानात आली. तिच्या भावाला चालेल म्हणून ती खाकी पँट मागत होती. शिमग्याला आत घ्यायला दिलेली ती पँट दुकानातच राहिली होती. तात्या म्हणाले, "वैनी, नवी शिवून दितो. ती मागू नगा." ती गेल्यावर त्यांनी पँट उलटी करून माझ्यापुढे धरली. कमरेशी टाक्यांच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत एक, तिन्ही सरळ आणि सुबक. "बगा मास्तर. तिन्ही डाव ह्या हातांत आलं हुतं. बाकीच्यांची कंबर भुकंनं उतरली. ह्येला तर पगार हुता. येकट्या ह्येलाच इचाराया पायजे हुतं."

प्रश्न सोडा म्हणून मी सांगितलं होतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. भ्यालो, दुसरं काही नाही.

पावसाळा संपला, बाजरी घरात आली, माणसांच्या गालावर थोडं मांस दिसू लागलं, आणि तात्यांनी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. दुष्काळाच्या वर्षात तीनच सवाल विचारून त्यांनी ज्यांना औषध दिलं होतं अशी चाळीसेक नावं वहीत होती. ती वही काखेत घेऊन, गळ्यात टेप अडकवून ते गावोगाव निघाले. बहुतेक गावं भिकाजीच्या टपालाचीच. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "जरा माप घिऊं द्या." हिशेब साधा होता. भुकेनं उतरलेली कंबर खायला मिळालं की भरते. ज्याची भरली नाही त्याच्यात दुसरं काही आहे, आणि त्याला उचलून नगरला न्यायचं.

विचार चुकीचा नव्हता. पण लोकांना त्यातलं काय दिसणार? हातात कापड नाही, शिवायचं काही नाही आणि शिंपी दारात येऊन जित्या माणसाचं माप मागतोय. बायका कुजबुजू लागल्या. भिकाजीनं त्याला झपाटलंय, म्हणाल्या. मेलेल्याचं टपाल वाटत हिंडतोय, आज ज्याचं माप घेईल त्याला उद्या बोलावणं येणार. एका वस्तीवर मी त्यांच्याबरोबर होतो. म्हातारीनं लेकाला आत ढकललं आणि दाराची कडी घातली. "आमच्या मानसाला हात लावू नगंस, बाबा. वाटंनं जा आपल्या." तात्या दाराबाहेर उन्हात बसले. संध्याकाळी लेक बाहेर आला, हसत हसत हात वर करून उभा राहिला. कंबर अडीच इंचानं भरली होती. तात्यांनी वहीत खूण केली. म्हातारीनं आमच्यापुढे हुरडा ठेवला तो त्यांनी तोंडातसुद्धा घातला नाही.

अडचण घेऊन येणारे आता दुसरीकडे जाऊ लागले. जे यायचे त्यांना तात्या औषध देईनात. "नगरला जा," एवढंच म्हणत. लग्नसराईचे कपडे बेतून तसेच पडून राहिले. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की त्यांचा हात कमरेशीच थांबे. तात्यांच्या बायकोनं एकदा मला गाठून विचारलं, "मास्तर, तुमचं ऐकत्यात ते. सांगा की, वही ठिवून द्या म्हनून." मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही.

माघात वहीत एकच नाव उरलं. यशवंता नावाचा खडी फोडणारा, तो बायकोमुलांना घेऊन श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला गेला होता. रविवारी आम्ही एस.टी.नं श्रीगोंद्याला गेलो. कारखान्याच्या गाड्यांमागून फड हुडकत चाललो, चार-पाच फड पालथे घातले. दुपारी यशवंता सापडला. पाचटातून बाहेर आला, कोयता खाली ठेवला आणि तात्यांच्या पाया पडला. "तुमच्या पुडीनं लई गुन आला, तात्या. पुन्यांदा काय तरास न्हाई."

तात्यांनी टेप घातला. पुन्हा सोडून पुन्हा घातला. तीन इंच भरली होती. माणूस दगडासारखा ठणठणीत होता. तात्यांनी त्याची पाठ थोपटली, त्याच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाटाच्या कडेला येऊन बसले. मला वाटलं, सुटले आता. मी म्हणालो, "तात्या, झालं. सगळे बरे आहेत."

त्यांनी मान हलवली. "सगळं भरलं. येक बी न्हाई ऱ्हायला." आणि मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "मास्तर, मला येक तरी गावाया पायजे हुता. त्येला टायमात नगरला न्हेला आसता. देवाची आन, म्या रोज सकाळी म्हनायचो, आज येक गावू दे. लोकांच्या जिवावर उठलो हुतो मी. त्यांनी दारं लावली ते बराबर क्येलं."

तो माणूस असं बोलल्यावर मला राहवलं नाही. "तात्या, चौथा सवाल सोडा म्हणून मी सांगितलं होतं. तो तुम्ही आपणहून नाही सोडलात."

ते माझ्याकडे वळले. रागावतील, निदान ओरडतील, असं मला वाटत होतं; मला ते हवंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसती दया होती, वर्गातल्या पोराला चुकलं तर असू दे म्हणावं तेवढीच. "तुमी शाळंचं मास्तर," ते म्हणाले. "तुमाला काय ठावं हुतं? मला ठावं हुतं." माझ्या वाटणीची चूकही त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला रिकामं सोडलं. त्या दिवसापासून मी तसाच आहे.

आम्ही श्रीगोंद्याच्या स्टँडवर आलो. माझ्या खिशात बदलीची ऑर्डर होती, मीच मागून घेतलेली. परतताना गाडीत सांगायचं असं ठरवलं होतं. मिरजगावची गाडी लागली, मी चढून जागा धरली, खिडकीतून हाक मारली. तात्या खालीच उभे.

"तुमी व्हा म्होरं. मी मांडवगनला उतरतो, दुसरी गाडी हाय. वहीतला पयला गडी तिथंच ऱ्हातो."

"त्याची तर दिवाळीतच भरली होती ना?"

"भरली हुती. पन त्येला आता चार म्हैने झालं."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलता हलता मी वळून पाहिलं. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ कुणीतरी एक परका माणूस पाठमोरा उभा होता. त्यानं एका हातानं आपला पायजमा वर ओढला, दोन पावलं चालला, पुन्हा ओढला. तात्यांनी ते पाहिलं. ते मांडवगणच्या गाडीची रांग सोडून त्याच्यामागे निघाले. माणसानं चाल वाढवली तशी त्यांनीही वाढवली, आणि दोघंही बाजाराच्या गर्दीत शिरले. मला ओरडून गाडी थांबवता आली असती. मी थांबवली नाही.